पोट नीट सांगता यावं म्हणून

दवाखान्यात आलेला माणूस आधी गुडघा सांगतो. मग खोकला, मग रात्री झोप लागत नाही ते. डॉक्टर चिठ्ठी लिहून हातात देतात, माणूस उठतो, दारापर्यंत जातो आणि चप्पल पायात सरकवता सरकवता म्हणतो, "आणि ते जरा सकाळचं साफ होत नाही." पोटाचं, त्यातही शौचाचं दुखणं असं शेवटी आणि पाठमोरं सांगितलं जातं. बाई असेल तर तेवढंही नाही. ती सोबत आलेल्या जावेला सांगते, जाऊ नर्सबाईंना सांगते आणि डॉक्टरांपर्यंत पोचतं ते इतकंच, की यांना पोटाचा त्रास आहे. त्यावर पोटाची गोळी मिळते. दुसरं काय मिळणार?

ही पुस्तिका त्या दारातल्या वाक्यासाठी आहे. ते वाक्य खुर्चीत बसल्याबसल्या, पहिल्यांदा आणि पुरतं कसं सांगावं, आणि कधी सांगायलाच हवं, एवढाच तिचा विषय. वाचणाऱ्याने घरच्या घरी रोग ओळखावा अशी तिची अपेक्षा नाही. उलट रोगाचं नाव घेण्याची घाई त्याने करू नये असा तिचा आग्रह आहे. नाव ठेवायचं काम डॉक्टरांचं. काय बदललं आणि कधीपासून, हे मात्र ज्याचं पोट त्यालाच ठाऊक असतं.

मार्गासनी आणि आजूबाजूच्या गावांना डोळ्यांसमोर ठेवून ही पानं लिहिली आहेत. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्याला जिथे साखर-गुंजवण्याचा फाटा फुटतो, ते हे गाव. शनिवार-रविवारी राजगडाची गर्दी इथूनच वर जाते. इथल्या माणसाला एका बाजूला वेल्ह्याचं ग्रामीण रुग्णालय, दुसऱ्या बाजूला भोरचं उपजिल्हा रुग्णालय, आणि मोठं काही निघालं की पुण्याचं ससून. तालुक्याचं नाव वेल्हे जाऊन राजगड झालं, दवाखान्याची वाट तीच राहिली. शहरात डॉक्टरकडे उगाच गेलं तर तास जातो. इथे मजुरीचा दिवस जातो, एसटीचं भाडं जातं, गुरांना पाणी दाखवायला शेजाऱ्याला विनवावं लागतं. म्हणून 'काहीही झालं तरी ताबडतोब डॉक्टरांना भेटा' असलं सरसकट वाक्य या पुस्तिकेत नाही. कधी निर्धास्त घरी थांबावं हे सांगितलं, तरच कधी थांबू नये हे सांगण्याला वजन येतं.

एक गोष्ट गेल्या पंचवीस वर्षांत इतकी बदलली की तिचा वैद्यकीय अर्थ आपल्या लक्षातच आला नाही. २०००-०१ साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, पुढे अनुदानं आली आणि घराघराशेजारी संडास बांधले गेले. त्याआधी पुरुष टमरेल घेऊन परसाकडे जायचे, बायका पहाटेच्या काळोखात नाहीतर दिवेलागणीनंतर. काय पडलं, कसल्या रंगाचं पडलं, हे कोण बघणार आणि कशाच्या उजेडात? आतड्यातून महिनोन् महिने थोडं थोडं रक्त जात असलं तरी ते बाईला दिसायचं नाही. तिला दिसायचा तो फक्त थकवा. आता खाली पांढरं भांडं आहे आणि वर दिवा आहे. पाणी ओतण्याआधी एकदा खाली बघणं, ही या सबंध पुस्तिकेतली सर्वांत स्वस्त तपासणी. संडास झाला तो रोगराई थांबावी म्हणून. त्याने रोग दिसायचीही सोय केली, हे श्रेय त्याला अजून कुणी दिलेलं नाही.

बघायचं म्हणजे काय बघायचं? आधी स्वतःचं नेहमीचं. रोज सकाळी एकदा झालंच पाहिजे हा आपल्याकडचा हट्ट आहे, वैद्यकशास्त्राचा नियम नव्हे. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, एवढ्या मोठ्या पट्ट्यात निरोगी माणसं असतात. या हट्टापायी कुणी चहाच्या दुसऱ्या कपावर अवलंबून असतो, कुणी चूर्णावर, कुणी एरंडेलावर, आणि पुष्कळ बायका मिश्रीवर. 'मिश्री लावल्याशिवाय पोट हलत नाही' हे वाक्य या भागात इतकं सर्रास आहे की ते औषधासारखं बोललं जातं. तंबाखूतल्या निकोटिनने आतडं हलतं हे खरंच आहे. पण त्यासाठी तोंडाच्या कॅन्सरची जोखीम घ्यायची, हा सौदा कुठल्याही हिशोबात बसत नाही. कोमट पाणी, पुरेसं जेवण आणि कळ आली की तिला न दाबणं, यांनी बहुतेकांचं भागतं. डेनिस बर्किट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली निरनिराळ्या देशांतल्या लोकांचं शौच अक्षरशः वजन करून मोजलं होतं. कोंड्यासकट, चोथ्यासकट जेवणाऱ्या आफ्रिकी खेडुतांचं शौच ब्रिटिशांच्या कितीतरी पट भरलं आणि निम्म्याहून कमी वेळात बाहेर पडलं. नाचणीची भाकरी, पालेभाजी, कुळीथ यांवर वाढलेल्या पिढीला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. टपरीवरच्या खारी-बिस्किटांवर सकाळ भागवणाऱ्या पोरांना आहे.

शौचाचा घट्टपणा शब्दांत सांगताना सगळ्यांचीच पंचाईत होते. त्यासाठी ब्रिस्टल गावच्या दोन डॉक्टरांनी १९९७ साली सात चित्रांचा एक तक्ता प्रसिद्ध केला. लेंड्यांसारख्या सुट्या गोळ्यांपासून निव्वळ पाण्यापर्यंत सात पायऱ्या. तो पुस्तिकेत छापला आहे. डॉक्टरांसमोर बोट ठेवून 'आधी हे होतं, आता हे आहे' म्हटलं की काम झालं. तोंडाने एक शब्द काढावा लागत नाही. लाजणाऱ्यांसाठी याहून चांगली सोय मला ठाऊक नाही.

जुलाबांचं प्रकरण पुस्तिकेत लांब आहे आणि ते असायलाच हवं. या खोऱ्यात पाऊस धो धो पडतो. डोंगरावरचं सगळं वाहून ओढ्यात, ओढ्यातून विहिरीत उतरतं, आणि जून-जुलैत घरटी एकाला तरी ढाळ लागतात. यातले बहुतेक जुलाब आपोआप थांबतात. औषध असतं ते पाण्याचं: ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात, ते नसलं तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मुलांना सोबत झिंक, जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुरं. जुलाब बंद करायची गोळी लहान मुलांना देऊ नये, आणि अँटिबायोटिक मेडिकलमधून मनाने आणू नये. डोळे खोल गेले, मूल मलूल झालं, सहा-आठ तास लघवी झाली नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसली, भाताच्या पेजेसारखे पांढरट पाण्याचे जुलाब सारखे होऊ लागले, किंवा तापासोबत आव-रक्त पडू लागलं, की मग उद्याची वाट बघायची नाही.

जानेवारी २०२५ मध्ये जे घडलं, त्याने जुलाबांकडे बघायची नजर पुणे जिल्ह्यात तरी बदलायला हवी होती. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकिटवाडी हा भाग काही परका नाही. वेल्हे खोऱ्यातल्या कितीतरी घरांची मुलं तिथे भाड्याने राहतात. तिथे 'गुइलेन-बारे सिंड्रोम' या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. पुढे जिल्ह्यातली संशयित रुग्णसंख्या दोनशेच्या वर गेली, काही दगावले. पुष्कळांच्या हकिकतीत सुरुवात साध्या जुलाबांनी झाली होती. शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू आणि नोरोव्हायरस सापडले. हा जंतू पोटातून गेला तरी शरीराची त्याच्याशी लढायला निघालेली फौज क्वचित कधी चुकून स्वतःच्याच नसांवर तुटून पडते. जुलाब थांबून आठवडा-दोन आठवडे झाल्यावर पायांना मुंग्या येतात, जिना चढवत नाही, अशक्तपणा खालून वर चढत जातो. जुलाबांनंतर असं झालं तर तो जुलाबांचा थकवा समजून घरी झोपून राहू नये. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठावं. हा आजार विरळा आहे. पण पाणी उकळून प्यावं हे सांगायला इतकं जवळचं आणि इतकं ताजं उदाहरण दुसरं नाही.

आता रक्त. माझ्या मते पुस्तिकेतलं सर्वांत महत्त्वाचं प्रकरण हे.

शौचातून रक्त दिसलं की गावात निदान तयारच असतं: मूळव्याध. सुरण खा, ताक पी, तिखट बंद कर. बाजाराच्या गावी भिंतींवर पाट्या रंगवलेल्या असतात, मूळव्याध-भगंदर, बिना ऑपरेशन, एका दिवसात मुक्ती. गंमत अशी, की हे निदान बहुतेक वेळा बरोबर असतं. शौचानंतर न दुखता लालभडक थेंब टपटपले तर मूळव्याध असण्याचाच संभव जास्त. शौचाला बसताना काच कापल्यासारखं झालं आणि कडेला लाल रेघ उमटली तर फिशर. घोळ इथेच आहे. जे निदान दहांत आठ-नऊ वेळा बरोबर येतं, ते उरलेल्या एका-दोघांचा घात करतं, कारण त्यांच्या बाबतीत पुढे कुणी बघतच नाही. आतड्याच्या शेवटच्या भागातला, म्हणजे गुदाशयाचा कॅन्सर झालेली माणसं मूळव्याधीची औषधं महिनोन् महिने घेऊन मग मोठ्या रुग्णालयात पोचतात, ही आपल्या देशातल्या कॅन्सरतज्ज्ञांची जुनी तक्रार आहे. शिवाय मूळव्याध असणं म्हणजे दुसरं काही नसण्याची हमी नव्हे. एकाच माणसाला दोन्ही असू शकतं.

मूळव्याधीच्या गोष्टीत न बसणाऱ्या काही खुणा आहेत. रक्त वरून टपकण्याऐवजी शौचात मिसळून येतं, सोबत शेंबडासारखी आव असते. जाऊन आलं तरी झालं नाही असं वाटतं, पुन्हा पुन्हा बसावंसं वाटतं आणि पडत काहीच नाही. वर्षानुवर्षांची सवय मोडते: कधी बद्धकोष्ठ, कधी पातळ, आणि हे तीन आठवड्यांहून जास्त चालतं. खाऊन-पिऊन वजन उतरतं. रात्री गाढ झोपेतून शौचासाठी उठावं लागतं. आईवडिलांना किंवा भावंडांना आतड्याचा कॅन्सर झालेला असतो. यातलं एकही असेल तर सुरण-ताक चालू ठेवा हवं तर, पण डॉक्टरांना दाखवा. चाळिशी उलटलेल्याने पहिल्यांदाच रक्त पाहिलं, तर बाकी कुठली खूण नसली तरी.

डॉक्टरांनी काय करायचं तेही पुस्तिकेत लिहिलं आहे, आणि हे धाडस मला आवडलं. हातमोजा घालून गुदद्वारातून बोटाने केलेली तपासणी मिनिटभराची असते, तिला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, ती प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकते, आणि गुदाशयातल्या खालच्या गाठी बोटाला लागतात. तरी ती टळते. रुग्ण लाजतो हे निम्मं कारण. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरही ती टाळतात, हे उरलेलं निम्मं. म्हणून रुग्णाने स्वतः विचारावं: 'डॉक्टर, खालून तपासायला हवं का?' बायकांनी बाई डॉक्टर मागावी. नसतील तर नर्सबाईंना किंवा घरातल्या बाईला सोबत उभं राहू द्या असं सांगावं. तो त्यांचा हक्क आहे. त्यापुढची पायरी दुर्बिणीची, म्हणजे कोलोनोस्कोपीची. तिचं नाव ऐकून माणसं पळतात. त्यात सर्वांत नकोसं काही असेल तर आदल्या दिवशीचं पोट साफ करायचं औषध, एवढं सांगितलं तरी निम्मी भीती जाते.

रक्त नेहमी लाल नसतं. जठरातून किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीतून येणारं रक्त वाटेत पचतं आणि शौच डांबरासारखं काळं, चिकट, उग्र वासाचं होतं. लावणीच्या दिवसांत कंबर आणि गुडघे धरतात, मेडिकलमधून दुखणं मारायच्या गोळ्या आणल्या जातात, उपाशीपोटी दिवसाला दोन-तीन घेतल्या जातात, आणि त्या गोळ्यांनी जठराला व्रण पडतो. डांबरी शौच आणि चक्कर एकत्र आली तर ते तातडीचं दुखणं आहे. लोहाच्या गोळ्या चालू असताना शौच काळसर होतं, त्याला घाबरायचं नाही. बीट खाल्ल्यावर लालसर होतं, त्यालाही नाही.

आणि कधीकधी रक्त दिसतच नाही. पन्नाशीच्या पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं रक्त कमी भरलं, तर नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन भागत नाही. ते गेलं कुठे, हे पोटात शोधावं लागतं. भातखाचरात अनवाणी चिखल तुडवणाऱ्यांच्या बाबतीत एक साधं उत्तर अंकुशकृमीचं असू शकतं: पायाच्या कातडीतून शिरतो, आतड्याला चिकटून रक्त पितो. त्याला स्वस्त गोळी आहे. पण मावशींना वर्षानुवर्षं 'अंगात रक्त नाही' एवढंच सांगत राहणं हा उपचार नाही.

आणखी दोन निदानांबद्दल मला तक्रार करायची आहे. एक अमिबाचं. महिनोन् महिने पोटात मुरडा येतो, शौचाला जाऊन आलं की बरं वाटतं, मुलीचं लग्न किंवा पोराची नोकरी डोक्यात असली की वाढतं, रात्री मात्र शांत झोप लागते. हे चित्र बहुधा आयबीएसचं, आतड्याच्या हळवेपणाचं असतं. त्याला अमिबा म्हणून दर दोन महिन्यांनी त्याच गोळ्यांचा कोर्स दिला जातो. दुसरं गॅसचं. पोटात गोळा उठतो, गुरगुरतो, फिरतो, संध्याकाळी कणकण येते, वजन उतरतं. याला गॅस म्हणून सोडा प्यायला जातो आणि असतो तो आतड्याचा टीबी. टीबी फक्त छातीत होतो ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. आतड्याच्या टीबीचे उपचार सरकारी दवाखान्यात फुकट होतात, म्हणून तर हे निदान हुकणं जास्त टोचतं.

या साऱ्या सांगण्याने काही होतं का, असा प्रश्न कुणीही विचारील. बार्शीत त्याचं उत्तर मिळालं आहे. १९८७ साली तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं तिच्यात होती. रुग्ण येईल तेव्हा नोंद करू, असं म्हणून कर्मचारी बसून राहिले नाहीत. ते गावोगाव गेले, चावडीवर बोलले, घराघरांत बोलले, कुठली लक्षणं अंगावर काढू नयेत ते सांगत राहिले. काही वर्षांत असं दिसलं, की गर्भाशयमुखाचा कॅन्सर घेऊन येणाऱ्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर येऊ लागल्या होत्या. हा निष्कर्ष १९९५ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. नवीन यंत्र नव्हतं, नवीन औषध नव्हतं. फक्त बोलणं होतं. ते उदाहरण आतड्याचं नाही हे कबूल, पण लाज तीच आणि शेतीची कामंही तीच. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी त्याही आधी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, तेव्हा शंभरांत ९२ जणींना स्त्रीरोग निघाला होता, आणि त्यापूर्वी तपासलेल्या होत्या शंभरांत जेमतेम आठ. १९८९ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा जगाला धक्का बसला. त्या बायकांना बसला नसावा.

आतड्याच्या कॅन्सरसाठी आपल्याकडे गावपातळीवर सरसकट तपासणी होत नाही. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचीच तपासणी येते. भारतात हा कॅन्सर युरोप-अमेरिकेच्या मानाने कमी आहे, पण होतो तेव्हा पुष्कळदा तरुण वयात होतो. म्हणजे इथे पहिली चाळणी लक्षणांचीच, आणि ती लावणारा रुग्ण स्वतः. पुस्तिका वाचून दर कळीला कॅन्सर आठवू लागला तर मात्र तिचा हेतू फसला. शंभर पोटदुख्यांतल्या बहुतेक साध्याच असतात.

ज्या साध्या नसतात आणि थांबतही नाहीत, त्यांचं पान लाल चौकटीत आहे. पोट फुगून टणक झालं, वारा सरत नाही, हिरवी उलटी होते. बेंबीपाशी सुरू झालेली कळ उजवीकडे खाली उतरली आणि ताप चढला. अशा पोटाला एरंडेल पाजू नये. अंगावरचं बाळ मध्येच कळवळून पाय पोटाशी घेतं, मध्येच मलूल पडतं आणि जांभळाच्या मुरंब्यासारखं शौच होतं. रक्त वाहतच राहिलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. अशा वेळी मोटारसायकलवर मध्ये बसवून न्यायच्या आधी १०८ ला फोन करावा. ऑपरेशनची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवावं.

औषधांची नावं पुस्तिकेत मुद्दाम दिलेली नाहीत, ओआरएस आणि झिंक सोडून. नाव दिलं की ते मेडिकलच्या खिडकीत वाचून दाखवलं जातं, हा अनुभव सगळ्यांचाच आहे.

शेवटचं पान कोरं आहे, रकाने आखलेलं. दवाखान्यात जाण्याआधी आठवडा-दोन आठवडे ते भरावं. लिहिता येत नसेल तर नातवाकडून किंवा आशाताईंकडून भरून घ्यावं. दिवसातून किती वेळा, तक्त्यातलं कितवं चित्र, रक्त किंवा आव, कळ कुठे, रात्री उठावं लागलं का, चालू गोळ्या कुठल्या. सुरुवात कधीपासून, हा रकाना इतरांपेक्षा रुंद ठेवला आहे. तारीख आठवत नसेल तर 'लावणीच्या आधी', 'गणपतीत', 'भात झोडताना' असं लिहिलं तरी चालेल. त्यावरून महिने मोजता येतात.